आधी पालथा घाला: फ्रेंच गालिचा कसा ओळखायचा

पॅरिसला आलेली ओळखीची माणसं लूव्र वगैरे उरकून माझ्याकडे चहाला येतात आणि दुसऱ्या कपाला फोन पुढे करतात. "हा ओब्यूसाँ आहे का गं? विकणारा म्हणतोय अठराव्या शतकातला." फोटो दरवेळी सारखाच असतो. उभ्याने वरून काढलेला, अख्खा गालिचा, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. मी विचारते, "मागची बाजू कुठंय?" मागची बाजू कधीच कुणी काढलेली नसते.

मी इथे गालिचे दुरुस्त करते. एकोणीस वर्षं झाली. मराठीत माझ्या कामाला सरळ शब्द आहे, रफू. फक्त कापड जाड आणि मालक श्रीमंत. एवढ्या वर्षांत शिकलेली मुख्य गोष्ट अशी की नक्षी उचलायला कागद-पेन्सिल पुरते, वीण उचलायला तो माग, ती लोकर आणि तो हात लागतो. लुई चौदाव्याच्या गालिच्याची नक्षी आज जगात कुठेही विणून मिळते. म्हणून नक्षीकडे शेवटी वळायचं, पाठीकडे आधी.

तर कोपरा धरा आणि उलटा. वितभर पुरे.

पाठीवर काय दिसतं

पहिला प्रश्न एकच: या गालिच्याला लव आहे की नाही? वरून हात फिरवला की मखमलीसारखं काही आडवं होतं का, की तळहाताला सतरंजीसारखं सपाट लागतं? फ्रान्समधले हाताने विणलेले गालिचे या दोन घराण्यांत वाटले जातात. लवेचं मोठं घराणं सावॉन्री. सपाट विणीचं घराणं ओब्यूसाँ. ओब्यूसाँमध्ये लवेचे गालिचेही विणले गेले, त्यामुळे "लव आहे म्हणजे सावॉन्रीच" असं म्हणून मोकळं होता येत नाही. पण "सपाट आहे" म्हटलं की सावॉन्रीचं नाव तिथेच खोडायचं. विक्रेत्याने "सपाट विणीचा सावॉन्री" म्हटलं तर तो बाजाराची बोली बोलतोय, एवढंच समजा.

सपाट निघाला तर पाठीवर धाग्यांची टोकं लोंबताना दिसतील. रंग जिथे संपला तिथे विणकराने धागा सोडून दिलाय, कुणी कापून साफ केलेला नाही. पैठणीचा पदर जवळून पाहिलेल्यांना हे चटकन कळेल, कारण तंत्र एकाच जातीचं आहे: एका ओळीत बाण्याचा एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंगाची कांडी आपापल्या हद्दीत पुढेमागे फिरते. फरक हद्दीवर आहे. पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही. ओब्यूसाँमध्ये दोन रंग शेजारच्या दोन ताण्यांवरून आपापले मागे फिरतात आणि मध्ये चीर उरते. माग उतरवल्यावर ती चीर सुईने शिवतात. कोपरा उजेडासमोर धरला की जुन्या गालिच्यात ही शिवण ठिकठिकाणी उसवलेली दिसते. कामावरच्या पहिल्या आठवड्यात मी एका गालिच्यावरच्या अशा सगळ्या चिरांना खडूने खुणा केल्या आणि आमच्या थोरल्या बाईंना सांगितलं की याला कसर लागलीय. बाईंनी गालिचा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खडू काढून घेतला.

लव असेल तर पाठीवर गाठींच्या ओळी मोजता येतात. इथे इराणी गालिच्यांचा हिशेब विसरा. जितक्या गाठी जास्त तितका गालिचा भारी, हे सूत्र फ्रान्समध्ये चालत नाही. लुई चौदाव्यासाठी विणलेल्या सर्वांत भारी गालिच्यांमध्ये चौरस इंचाला साधारण ९० गाठी आहेत. चांगला इराणी गालिचा याच्या कितीतरी पुढे जातो. फ्रेंचांना बारकाव्यात शर्यत लावायची नव्हती. त्यांना जाड लोकरीत तैलचित्र रंगवायचं होतं. पान कुठे वळलं, त्याच्या पोटात सावली कशी पडली, हे दाखवायला त्यांनी रंगांच्या छटा वाढवल्या, आणि एकाच गाठीत वेगवेगळ्या छटांचे बारीक धागे एकत्र ओढले. भिंग लावा: एक गाठ लांबून राखाडी दिसते आणि जवळून तिच्यात निळा, तपकिरी आणि पांढरट असे वेगळे धागे निघतात.

पाठीवर आणखी दोन गोष्टी निघू शकतात आणि त्यांतली कुठलीही एक निघाली की गोष्ट लवकर संपते. जाळीदार कॅनव्हासवर तिरपे टाके दिसले तर तो सुईने भरलेला गालिचा आहे, मागावर विणलेलाच नाही. आणि अरुंद पट्ट्या शेजारीशेजारी शिवलेल्या असून फूल ठराविक अंतरावर हुबेहूब परत येत असेल तर तो यंत्रावरचा. एकोणिसाव्या शतकातले असे गालिचे देखणे असतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. फक्त किंमत यंत्राची द्यावी.

साबणाच्या कारखान्यातला राजा

सावॉन्री या नावाचा अर्थ साबणाचा कारखाना. चौथ्या हेन्रीच्या काळात फ्रान्सच्या तिजोरीतला पैसा पूर्वेकडच्या गालिच्यांवर बाहेर चालला होता, तेव्हा तसं काम इथेच करू म्हणून पिएर द्युपाँ नावाच्या कारागिराला १६०८ मध्ये लूव्र महालात जागा मिळाली. गालिच्यांना तेव्हा "तुर्की धाटणीचे" म्हणत, आणि गाठही तीच होती: दोन ताण्यांना वळसा घालून दोन्ही टोकं मधून वर काढलेली. द्युपाँचा शागीर्द सिमाँ लूर्दे पुढे वेगळा झाला आणि १६२७ च्या सुमारास शायो इथे, सीन नदीकाठी, साबणाच्या जुन्या कारखान्यात त्याचे माग लागले. तिथल्या आश्रमातली अनाथ मुलं हाताखाली घेऊन त्यांना काम शिकवायचं, असं ठरलं होतं. ती जागा पाहायची असेल तर पाले द तोक्योपाशी जा. त्या इमारतीच्या जागीच हा कारखाना होता. आज तिथे आधुनिक कला दाखवतात, गालिच्याचा मागमूस नाही.

मागावरची एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं. माग उभा. विणकर गालिच्याच्या समोरच्या बाजूला बसतो, म्हणजे आपण काय काढतोय ते त्याला दिसत असतं. ताण्याचा दर दहावा धागा रंगवलेला असतो. नमुन्याच्या कागदावरही तशाच रेघा, त्यामुळे मोजणी चुकत नाही. गाठ मारताना धागा एका धातूच्या सळईवरून घ्यायचा. सळईच्या टोकाला पातं असतं. सळई भरली की ओढून काढायची, पातं सगळे फासे एकदम कापत जातं आणि लव उभी राहते. मग बाण्याचे धागे घालून फणीने ठोकायचं. शेवटी कात्री. ही कात्री महत्त्वाची, कारण फुलाच्या कडेने लव किंचित खोल कातरली की फूल उठून दिसतं. चांगल्या गालिच्यावर डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळीची कड हाताला लागते.

१६६० च्या दशकात कोल्बेर या मंत्र्याने हे काम हातात घेतलं, चित्रकार शार्ल ल ब्रँ नमुन्यांवर देखरेख करायला आला, आणि मग सुरू झालं एक वेड. लूव्रची ग्रँड गॅलरी तेव्हा चारशे मीटरहून लांब होती. तिच्यासाठी १६६८ पासून पुढची वीस वर्षं ९३ गालिचे विणले गेले, त्याआधी अपोलो गॅलरीचे १३. प्रत्येकाची लांबी जवळजवळ नऊ मीटर. आणि ज्या राजासाठी हे चाललं होतं तो १६८२ मध्ये दरबारासकट व्हर्सायला राहायला गेला. ज्या गॅलरीसाठी ते विणले, तिथे ते सगळे मिळून कधी अंथरलेच गेले नाहीत. काही परदेशी राजांना नजराणे म्हणून गेले. क्रांतीनंतर काही सरकारच्या देणेकऱ्यांच्या हाती पडले. आज ते लूव्रमध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, इंग्लंडच्या वॉडेस्डन मॅनरमध्ये विखुरलेत. पॅरिसच्या निसिम द कामोंदो संग्रहालयात एक आहे, "वायू" या विषयाचा, १६७८ चा. मला सगळ्यांत तोच आवडतो, कारण राहत्या घरात तो कसा दिसत असेल ते तिथे कळतं.

यातून ओळखणाऱ्याने घ्यायचा धडा असा: सावॉन्री राजाचा कारखाना होता. तिथलं काम राजवाडे, राजाची देवघरं आणि राजाच्या भेटींसाठी होत होतं. १८२५-२६ च्या सुमारास ते माग गोब्लँच्या, म्हणजे भिंतीवरचे पडदे विणणाऱ्या, कारखान्यात हलवले गेले आणि आजही पॅरिसमध्ये गोब्लँ रस्त्यावर ४२ क्रमांकाच्या आवारात ते चालतात, सरकारसाठी. दक्षिणेत लोदेव इथे दुसरी शाखा आहे. १९६४ मध्ये अल्जीरियातून आलेल्या हार्की, म्हणजे फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियनांच्या, कुटुंबांतल्या बायकांसाठी सुरू झालेली. तिथे विणलेलं दुकानात मिळत नाही. मग बाजारातला "सावॉन्री" काय असतो? बहुतेक वेळा लवेचा, फ्रेंच धाटणीचा कुठलाही गालिचा. हा शब्द कारखान्याचं नाव न राहता जातीचं नाव झालाय, जसं आपण कुठल्याही यंत्राच्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो.

ओब्यूसाँ

क्रोज नदीकाठचं हे गाव पॅरिसपासून दूर, मध्य फ्रान्समध्ये. भिंतीवरचे विणलेले पडदे ही त्याची खरी ओळख. १६६५ मध्ये त्याला राजमान्य कारखान्याचा दर्जा मिळाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १६८५ मध्ये, प्रॉटेस्टंटांना दिलेली मोकळीक राजाने काढून घेतली आणि गावातले कितीतरी प्रॉटेस्टंट विणकर देश सोडून गेले. गाव त्यातून सावरायला बराच काळ गेला. गालिचे इथे उशिरा आले, १७४० च्या दशकात, तेही आधी लवेचे, सावॉन्रीकडे पाहून. सपाट विणीचे गालिचे त्याच शतकाच्या उत्तरार्धात फोफावले, कारण ते स्वस्त पडत, लवकर होत आणि गावातल्या हातांना ती वीण पिढ्यान्‌पिढ्या येतच होती. राजाचा नसलेला, पण घर नीट लावायची हौस असलेला माणूस इथलं गिऱ्हाईक झाला.

इथला माग आडवा. विणकर ताण्यावर ओणवा होऊन काम करतो, पायाखाली पावड्या, ताण्याखाली नमुन्याचा कागद. आणि गंमत अशी की तो पाठीच्या बाजूने विणतो. समोरची बाजू खाली असते. कसं जमलंय ते पाहायला ताण्याखाली आरसा सरकवायचा. म्हणून नमुना उलटा काढलेला असतो. मी एकदा त्या गावी एका विणकराच्या शेजारी तासभर बसले होते. त्याने आरशात दोनदा पाहिलं. बाकी वेळ बोटं.

२०१८ पासून "ओब्यूसाँचा गालिचा" हे नाव कायद्याने भौगोलिक मानांकनात आहे. नवा गालिचा विकत घेताना कागदावर हे मानांकन मागा. जुन्याला त्याचा उपयोग नाही.

आणि नकला? विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमध्ये ओब्यूसाँ धाटणीचे सपाट गालिचे ढिगाने विणले जातात. त्यात वाईट काही नाही, वाईट एवढंच की त्यांना चहात बुडवल्यासारखा रंग देऊन वय चढवतात. तपासणी सोपी आहे. खऱ्या जुन्या गालिच्याची समोरची बाजू उन्हाने फिकट झालेली असते आणि पाठ अजून टवटवीत. दोन्ही बाजू सारख्याच मळकट असतील तर ते वय नव्हे, धुलाई आहे.

आता समोरची बाजू

पाठ पाहून झाली, वीण ठरली. आता सुलटा करा आणि चार पावलं मागे सरका. नक्षीवरून राजवट सांगायची तर मी तीन गोष्टी बघते: पार्श्वभूमीचा रंग, मधलं पदक, आणि नक्षी किती जागा मोकळी सोडते.

लुई तेराव्याच्या काळातले (१६१०-४३) फार थोडे उरलेत. गडद जमीन आणि तिच्यावर खरीखुरी वाटणारी फुलं दाटीने विखुरलेली, जणू कुणी टोपली उपडी केलीय.

लुई चौदावा आला की दाटीला शिस्त लागते. जमीन काळी किंवा काळपट तपकिरी. तिच्यावर अकँथस नावाच्या दातेरी पानाच्या वेली, दंडाएवढ्या जाड, वळणावळणाने पसरलेल्या. जागा चौकटींत वाटलेली. टोकांना निसर्गदृश्य किंवा दगडात कोरल्यासारखं राखाडी चित्र. मध्ये सूर्याचा चेहरा, सूर्यफूल, मुकुट, लिली, पृथ्वीचा गोल, एकमेकांत गुंतवलेले दोन एल. सगळं राजाबद्दल. या गालिच्यावर उभं राहिलं की आपण कुणाच्या घरात आहोत हे विसरता येत नाही, आणि त्यासाठीच तो विणला होता.

लुई पंधराव्याच्या वेळी चौकटी वितळतात. पिएर-जोस पेरो या नमुनाकाराचं नाव इथे लक्षात ठेवा, १७२५ ते १७५० च्या दरम्यान त्याने सावॉन्रीला वळण दिलं. जमीन उजळू लागते, पिवळे आणि गुलाबी जागे होतात, शिंपले येतात, हार येतात, आणि एक विचित्र आकार येतो: वटवाघळाच्या ताणलेल्या पंखासारखा, शिरा असलेला. काठ सरळ राहत नाही, आत-बाहेर लवतो. पंख दिसला की मी अर्धा निकाल लावून टाकते.

लुई सोळावा मी भराभर उरकते, कारण त्याच्या धाटणीची इतकी नक्कल झालीय की नक्षीवरून काही सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फिकट जमीन, लंबगोल पदक, रिबिनी, टोपल्या, बारीक गुलाबांचे हार. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेईची उत्खननं १७३८ आणि १७४८ ला सुरू झाली होती, त्यातून प्राचीन रोमची आवड आली आणि रेषा पुन्हा सरळ झाल्या. ओब्यूसाँ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो हाच गुलाबी-मलई रंगाचा गालिचा.

नेपोलियनचा काळ ओळखू येतो असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. पेर्सिए आणि फोंतेन या जोडीने घडवलेली ती धाटणी: ठळक लाल, हिरवा, सोनेरी, मधोमध मोठं वर्तुळ, गरुड, लॉरेलची पानं, विजेचे बाण आणि मधमाश्या. मधमाशी कुठून आली याची हकीकत छान आहे. नेपोलियनला बूर्बाँ राजांची, म्हणजे या सगळ्या लुईंच्या घराण्याची, लिली नको होती, पण तिच्याहून जुनं चिन्ह हवं होतं. १६५३ मध्ये तूर्ने इथे फ्रँक राजा शिल्देरिकचं थडगं सापडलं होतं आणि त्यात सोन्याच्या मधमाश्या निघाल्या होत्या. त्याने त्या उचलल्या.

तर माझ्या तिसऱ्या वर्षी एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात असा गालिचा अंथरलेला होता. गरुड आहे, मधमाश्या आहेत. मी थोरल्या बाईंच्या कानात शहाण्यासारखं म्हटलं, "नेपोलियन." त्या म्हणाल्या, "कुठला?" आणि कोपरा उलटला. समोर जिथे फिकट राखी रंग होता तिथे पाठीवर भडक जांभळा होता. रसायनातून काढलेला पहिला जांभळा रंग निघाला १८५६ मध्ये. पहिला नेपोलियन १८२१ ला वारलेला. पुतण्याने, तिसऱ्या नेपोलियनने, काकाचे गरुड आणि मधमाश्या जशाच्या तशा वापरल्या होत्या (१८५२-७०). नक्षी मी बरोबर वाचली होती, गालिचा साफ चुकीचा. त्या दिवसापासून मी समोरून सुरुवात करत नाही.

तिसऱ्या नेपोलियनचा स्वतःचा सूर मात्र वेगळा: कोबीच्या गड्ड्याएवढे गुलाब, वाइनसारखा लाल, कधी काळी जमीन, आणि जुन्या सगळ्या लुईंची खिचडी. मला तो जरा अजीर्ण होतो.

रंगाची चाचणी

लव बोटांनी फाका आणि मुळाशी बघा. वर फिकट, खाली दाट, आणि रंग तोच, असं असेल तर वनस्पतीचा रंग असण्याची शक्यता बरी. वर एक रंग आणि मुळाशी भलताच दुसरा, तर रसायन (हिरवा सोडून, त्याचं पुढे). जुन्या फ्रेंच रंगाऱ्यांकडे लालासाठी मंजिष्ठा आणि किरमिज, पिवळ्यासाठी गोद नावाचं रोप, निळ्यासाठी पास्तेल नावाचं रोप आणि पुढे नीळ. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. म्हणून जुन्या गालिच्यातली पानं आज निळी दिसतात: पिवळा उडाला, निळा टिकला. निळी पानं पाहून कुणी खराब झालाय म्हणालं तर मनात म्हणा, उलट बरं झालं.

काळा आणि काळपट तपकिरी हे मायफळ आणि लोहापासून. लोह लोकरीला हळूहळू खातं. त्यामुळे खऱ्या जुन्या गालिच्यात काळ्या रेषांची लव शेजारच्या रंगांपेक्षा खोल गेलेली असते, उंदराने कुरतडल्यासारखी. काळी जमीन भरगच्च आणि तुकतुकीत असेल तर ती कुणीतरी नंतर भरलीय, बहुधा माझ्यासारख्याच कुणीतरी.

काळ्यावरून आठवलं. १८२४ मध्ये शव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ गोब्लँच्या रंगशाळेचा प्रमुख झाला आणि त्याच्याकडे तक्रार आली की तिथला काळा रंग मरतुकडा दिसतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे आले की तोच काळा फिका वाटत होता. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हा त्याचा नियम १८३९ मध्ये छापला गेला आणि पुढे चित्रकारांनी उचलून धरला. माझ्या टेबलावर तो रोज लागू होतो. भरायच्या धाग्याचा रंग लडीत जुळवून चालत नाही, जागेवर ठेवून, एक डोळा मिटून जुळवावा लागतो.

कात्री कुठे चाललीय

जुना गालिचा अखंड असेलच असं धरू नका. खोल्या लहान झाल्या, वारसदार वाढले, गालिचे कापले गेले. चारी काठांची रुंदी हाताने मोजा. एक बाजू अरुंद असेल, किंवा कोपऱ्यात वेल अर्ध्यावर तुटून भलत्याच पानाला जोडली असेल, तर तिथे कात्री आहे. पाठीवर जोडाची शिवण सापडतेच.

मध्यभाग वेगळा तपासा. क्रांतीनंतर कितीतरी गालिच्यांतून मुकुट, लिली आणि राजाची अक्षरं कापून तिथे साधा तुकडा बसवला गेला. सूर्याच्या जागी गुळगुळीत, थोड्या वेगळ्या तपकिरी रंगाचं वर्तुळ दिसलं तर नाक मुरडू नका. १७९० च्या दशकात कुणीतरी घाबरून केलेलं काम ते, आणि माझ्या लेखी वय सिद्ध करणारा कागदच.

मोठे तुकडे वाचतात ते बहुधा वापर कमी झाल्याने. नोत्र-दामच्या वेदीपुढचा गालिचा घ्या: राजा दहाव्या शार्लने सांगितला, सँतांज याने नमुना काढला, सावॉन्रीने १८२५ ते १८३३ विणला, १८४१ मध्ये कॅथीड्रलला मिळाला. दोनशे चौरस मीटरच्या आसपास. मोठ्या समारंभालाच बाहेर काढायचा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून तो बचावला आणि सरकारी कार्यशाळेत दुरुस्त झाला.

विसावं शतक, थोडक्यात

१९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या आसपास फुलं संपतात आणि भूमिती येते. इवान द सिल्वा ब्रुन्स हे नाव लक्षात ठेवा, ब्राझिली आई-बापाचा, पॅरिसमध्ये जन्मलेला. तपकिरी, काळा, गेरू, मोजक्या रेषा. मराठी वाचकाला तो परका नाही, माहीत नसलं तरी: इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३० च्या दशकात माणिकबाग महालासाठी त्याच्याकडून गालिचे करवून घेतले. २०१९ मध्ये इथल्या सजावट-कला संग्रहालयात होळकरांच्या त्या संग्रहाचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी रखवालदार मला बघून हसला, कारण मी परत गुडघ्यांवर बसून कडेची वीण पाहत होते.

घ्यायची वेळ आली तर

तालीम फुकट मिळते. पॅरिसमध्ये द्रुओ नावाचं लिलावगृह आहे, विक्रीच्या आदल्या दिवशी माल मांडतात, कुणीही आत जावं. संग्रहालयात हात लावता येत नाही, इथे मागितलं तर येतो. सकाळी जा, खिडकीजवळचा गालिचा असेल तर दैव चांगलं. खिशात भिंग, टेप आणि फोनचा दिवा. फोटो काढायचे तर पाच: पाठीचा कोपरा, लव फाकलेली, काठ, मध्य, आणि शेवटी अख्खा.

मग यादी वाचा, शब्दन्‌शब्द. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच फर्मानाने कलावस्तूंच्या विक्रीतले शब्द बांधून टाकलेत. "एपोक लुई सेझ" म्हटलं, म्हणजे लुई सोळाव्याच्या काळातला, तर विक्रेत्याने ती हमी दिली. "स्तील लुई सेझ" म्हणजे त्या धाटणीचा, हमी शून्य. "दाँ ल गू द", म्हणजे अमक्याच्या रुचीचा, हमी शून्य. यादीत "सावॉन्री" नुसतं असलं तर कारखाना म्हणायचंय की जात ते त्यावरून कळत नाही, सावॉन्रीच्या धाटणीचा असं असलं तर जातच. शंका असली तर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हातोडा पडतो त्या किमतीवर लिलावगृहाचा आकार वेगळा लागतो, तो युरोत किती होतो ते बोली लावायच्या आधी मोजा.

आणि तिथल्या माणसाला म्हणायचं वाक्य पाठ करा: "पूव्हे-वू रतूर्ने ल क्वँ, सिल वू प्ले?" जरा कोपरा उलटता का, एवढाच अर्थ. बहुतेक जण उलटतात. जो नाही म्हणेल त्याच्या गालिच्यापाशी थांबू नका, शेजारच्या दालनात दुसरा असतो.